उभ्या गाडीचं इंजिन कोण चालू करतं?

ती. साडूसाहेब,

वाकून नमस्कार. (गुडघा वाकू देत नाही, पण कागदावर वाकायला त्याची परवानगी लागत नाही.) डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून उन्हात पाणी येतं म्हणत होतात, ते थांबलं का? ताईंची कंबर कशी आहे? जड कुंड्या उचलू नका असं त्यांना माझ्यातर्फे सांगा, म्हणजे त्या नक्की उचलतील, पण सांगण्याचं कर्तव्य तरी पार पडेल. आमची ही तुमच्याकडेच आहे, तेव्हा तीही ठीकच असणार. गेल्या आठवड्यात ती सकाळच्या बसने तुमच्याकडे निघून आली, आणि त्याआधी आमच्यात काय झालं ते तुमच्या घरी चहाबरोबर पुन्हा पुन्हा उगाळून झालं असेलच. परत कधी येणार ते तिने सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. येणार की नाही, हेही सांगितलेलं नाही. शेजारी विचारतात तेव्हा मी हवापालटाला गेलीय म्हणून सांगतो. हा विषय इथे संपला. हे पत्र फक्त गाडीबद्दल आहे, एवढं कृपा करून ध्यानात असू द्यावं.

तर गाडी. डोळ्यांमुळे तुमचं चालवणं बंद झालं आणि तुम्ही तुमची ती पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी मोठ्या मनाने माझ्याकडे दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. पण साडूसाहेब, तुम्ही पडलात दंतवैद्य. 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य तुम्ही जन्मभर उघड्या तोंडांसमोर म्हणत आलात. माझी अक्कलदाढ काढतानाही म्हणाला होतात. (त्या दिवसाबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही, आजही काढत नाही.) गाडीची किल्ली हातात ठेवताना तुम्ही तोच चेहरा करून म्हणालात, 'अजिबात त्रास देणार नाही', आणि माझ्या जबड्यात तिथल्या तिथे कळ आली. त्यात माझा पेशा. बाजारातली वजनमापं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. खालून पोखरून मेण भरलेली वजनं मी पाहिली आहेत, एका बाजूला चुंबक चिकटवलेले काटे पाहिले आहेत, दुहेरी तळाची मापं पाहिली आहेत. समोरचा माणूस हसून 'या साहेब, बसा' म्हणाला की आधी त्याचा तराजू उलटा करून बघायचा, ही माझी सवय. तुम्ही हसून 'या, बसा' म्हणत गाडीचं दार उघडलंत. आता मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा.

पहिल्या दिवसापासूनच लक्षण ठीक नव्हतं. बटण दाबलं, आवाज नाही. पुन्हा दाबलं, आवाज नाही. तिसऱ्यांदा दाबलं, आवाज नाही. नंतर कळलं की मी तिला चालू, बंद, चालू असं करत होतो आणि ती बिचारी मुकाट्याने ऐकत होती. पडद्यावर नुसता 'तयार' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द उमटतो. कशाला तयार, ते नाही! आमच्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी होती. ती चालू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं, बंद पडली की मला कळायचं. ही तुमची गाडी बिनआवाजाची फाटकापर्यंत गेली, वॉचमनने पाय वर घेतला म्हणून वाचला, आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर हिला काय वाटलं कुणास ठाऊक, मी काहीही न करता हिचं इंजिन घुर्र करून सुरू झालं. पुढच्या सिग्नलला थांबलो तर गप्प. मी धोक्याचे दिवे लावले, उतरलो, बॉनेट उघडलं. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. शेजारच्या सीटवरून आमची ही म्हणाली, 'अहो, बंद नाही पडली ती, तिचं असंच असतं. इंजिनाची गरज नसली की झोपते.' मी बॉनेट लावलं, गाडीत बसलो आणि साहजिकच विचारलं, की हे तुला कसं माहीत? ती म्हणाली, ताई सांगत होती. आता ताई तिला कधी सांगत होती, हा प्रश्न मी तेव्हाच मनाशी नोंदवून ठेवला होता. नंतर तो महागात पडला.

मग पेट्रोल. साडूसाहेब, पेट्रोलचा काटा खाली येईना. मी बाजारात जातोय, बँकेत जातोय, हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय, मुद्दाम लांबचा वळसा घेतोय, पण काटा जिथल्या तिथे. तुम्हाला यात आनंद वाटत असेल. मला झोप लागेना. माप कमी देणारा दुकानदार मला समजतो. त्याचा हेतू स्वच्छ असतो, फायदा. माप जास्त देणारा मला समजत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत असे दोनच भेटले, एकाचा काटा बिघडलेला होता आणि दुसऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न करायचं होतं. म्हणून मी तर्क केला की एक तर काट्यात गडबड आहे, नाहीतर कुणीतरी माझ्या नकळत टाकीत पेट्रोल ओततंय. ही म्हणाली, कशाला कुणी ओतेल? मी म्हटलं, तेच तर शोधायचंय. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. (तुमच्याकडे ती वाळत घातलेले कपडे झटकते का हो? इथे रोज झटकायची, फटफट आवाज यायचा. असो. गाडीबद्दल बोलू.)

पडद्यावरचं ते बॅटरीचं चित्र तर मला अजून पुरतं पचलेलं नाही. चढ चढला की पट्ट्या कमी, उतार उतरला की पट्ट्या जास्त. ब्रेक दाबला तरी पट्टी वाढते. थांबण्याबद्दल बक्षीस! टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून खाली येताना पट्ट्या भरत भरत पार वरपर्यंत गेल्या, मी जरा खूश व्हायला लागलो, तेवढ्यात बॅटरी भरलेली असूनही इंजिन बोंबलायला लागलं. उतारावर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना! मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की बॅटरी भरली की तिच्यात आणखी मावत नाही, मग गाडीला धरून ठेवायला ती इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता. नुसतं फिरवते म्हणे. पगार न घेता काम करणारं कुणी मी कधी पाहिलेलं नाही, पण काम न करता नुसतं फिरणारे खूप पाहिलेत, त्यामुळे तुमचं म्हणणं मी निम्मं मान्य केलं. उरलेलं निम्मं संशयात ठेवलं.

आणि मग ते दुपारचं प्रकरण सुरू झालं. जेवण झालं की मी आडवा होतो हे तुम्हाला माहीत आहे. आमची बेडरूम मागच्या बाजूला, खाली पत्र्याची उघडी शेड, शेडमध्ये गाडी. एका दुपारी डोळा लागतोय न लागतोय तोच खालून इंजिनाचा आवाज. उठून खिडकीत गेलो. गाडी जागेवर, चाकं जागेवर, काचा काळ्या, आत काही दिसत नाही, आणि इंजिन चालू! मी चप्पल शोधून खाली उतरेपर्यंत आवाज बंद, दार लॉक, चिटपाखरू नाही. वर आलो तर ही दारात, हातात कोथिंबीर. म्हणाली, झोपला नाहीत? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थोडा वेळ आवाज, मग गप्प, मग पुन्हा आवाज. आणि संध्याकाळी गाडीत बसलो की सीट पुढे सरकलेली, आरसा खाली वाकलेला, बॅटरीची एखाददुसरी पट्टी गायब. यावरून कुणीही निष्कर्ष काढेल तोच मी काढला. संशयित बुटका आहे.

पुढचे काही दिवस मी इमारतीतली सगळी बुटकी माणसं नजरेखाली घातली. वॉचमन बुटका आहे. दुसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट बुटका आहे आणि वर जाताना शीळ घालतो, जे मला कधीच आवडलेलं नाही. दोघांची लिफ्टजवळ उंची मोजायचा माझा प्रयत्न त्यांच्या लक्षात आला असावा, कारण हल्ली ते जिन्याने जातात. मग मी हुकमी उपाय केला. गाडीच्या चारही दारांच्या फटीवर, खालच्या अंगाला, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर माझी सही केली. दुपारी आवाज आला. खाली गेलो. चालकाच्या दाराची पट्टी फाटलेली! मी वॉचमनला धरलं. तो म्हणाला, अनोळखी कुणी आलं नाही साहेब. मी म्हटलं, ओळखीचं? तर तो म्हणतो, ओळखीचं म्हणजे आपल्या मॅडम, त्या रोजच बसतात की. विमा एजंटलाही माहीत होतं. इस्त्रीवाल्याला माहीत होतं. अख्ख्या इमारतीला माहीत होतं, आणि मी, तपासणीत जन्म गेलेला माणूस, बुटक्यांची उंची मोजत बसलो होतो. हिची उंची माझ्या खांद्यापर्यंतही येत नाही, हे मला लग्नाच्या फोटोवरून तरी कळायला हवं होतं.

आता पुढचं तुम्हाला अर्धवट माहीत आहे, म्हणून माझी बाजू लिहितो. मी वर गेलो. ती मटार सोलत होती. मी विचारलं, तिने लगेच सांगितलं. एक शब्द लपवला नाही. म्हणाली, हो, मीच बसते, तुम्ही आडवे झालात की, दुसरी किल्ली माझ्याकडेच आहे, उकडतं म्हणून एसी लावते आणि ताईशी फोनवर बोलते. एसी चालू राहिला की बॅटरी उतरते आणि इंजिन आपोआप सुरू होतं, बॅटरी भरली की आपोआप थांबतं, मी काही करत नाही. साडूसाहेब, इतका सरळ जबाब मला माझ्या नोकरीत कुणी दिलेला नव्हता, म्हणूनच मला तो संशयास्पद वाटला. घरात तीन खोल्या, पंखे, आरामखुर्ची, आणि माणूस कुठेही न जाणाऱ्या गाडीत जाऊन का बसेल? तसं मी विचारलं. ती म्हणाली, घरात फोन ठेवला की तुम्ही विचारता कुणाचा होता, काय म्हणाली, मग एवढा वेळ का लागला, मग हसलीस का. गाडीत मला कुणी तपासत नाही.

यावर शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी तुम्हाला फोन लावला. तो फोन तुम्हाला आठवत असेल. तुमची मेहुणी रोज दुपारी तुमच्या पत्नीशी बोलते हे खरं आहे का, आणि साधारण किती वेळ, असं मी विचारलं. तुम्ही आधी हसलात, मग हसायचे थांबलात आणि म्हणालात, खरं आहे, पण हे तुम्ही मला का विचारताय? मी मागे वळून पाहिलं तर ही मटाराचं ताट घेऊन उभी होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला उत्तरं सुचतात. तिने ताट टेबलावर ठेवलं, सगळे मटार सोलून पुरे केले, फ्रिजमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. ते मटार अजून आहेत. करायचे कसे ते मला माहीत आहे, पण केले नाहीत.

(विषय गाडीचा. मी भरकटलो.)

ती गेल्यानंतर गाडीचं वागणं आणखी बिघडलं, हे तुम्ही नीट वाचावं. एकटाच गाडी चालवत होतो, शेजारच्या सीटवर कुणी नाही, रेडिओ बंद, आणि मागच्या सीटखालून बारीक सूं सूं असा आवाज. कुणीतरी मागे बसून नाकाने श्वास घेतंय म्हणा ना! गाडी बाजूला घेतली, मागे चढलो, सीटच्या कडेला एक जाळी सापडली आणि जाळीतून हवा आत ओढली जात होती. माझ्या गाडीतली हवा ओढून न्यायचा अधिकार कुणाला आहे? खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तुमचाही संशय आला. वाटलं, या माणसाने आत काहीतरी ऐकायचं यंत्र बसवलंय आणि म्हणून गाडी इतक्या मोठ्या मनाने दिली. घरी येऊन माझी नोकरीतली जुनी पेटी काढली. मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली, जाळीवर जाड पुठ्ठा बसवला आणि चारी बाजूंनी लाखेने बंद करून वर शिक्का मारला. शिक्का सुरेख उठला. निवृत्त झाल्यापासून इतकं समाधान मला कशातच मिळालेलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांत गाडीचा अगदी थयथयाट सुरू झाला. इंजिन बंदच होईना. सिग्नलला चालू, उतारावर चालू, उभी केली तरी चालू, पेट्रोलचा काटा भराभरा खाली. मला आधी जरा बरं वाटलं, म्हटलं, आली एकदाची माणसात. मग पडद्यावर भडक तांबडं चिन्ह आलं आणि गाडी गोगलगाईसारखी चालायला लागली. ढकलत न्यावी तशी तुमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याचं तोंड तुम्हाला माहीत आहेच. स्वतःच्या आजेसासऱ्याच्या लुनापासून सुरुवात करून गाडीपर्यंत पोचायला त्याने तास लावला, सुरुवातीला बॅटरीच बदला म्हणून मोकळा झाला, मग मागचं दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. ती जाळी म्हणजे बॅटरीचं नाक होतं, साडूसाहेब. मोठी बॅटरी मागच्या सीटखाली बसते, तिला गार ठेवायला तिथला पंखा गाडीतली थंड हवा आत ओढतो, आणि मी त्या नाकावर लाख ओतून शिक्का मारला होता. बॅटरी तापली, तापली म्हणून गाडीने तिला विश्रांती दिली, आणि तिचंही काम बिचारं इंजिन एकटं ओढत बसलं. त्याने लाख खरवडून काढली, आतली धूळ उडवली, गाडी पुन्हा मुकी झाली. खोड गाडीत काडीची नव्हती. हे मी लेखी देतो आहे.

घरी आलो. दुपारची वेळ होती. आडवा झालो नाही. करायचं काहीच नव्हतं, म्हणून म्हटलं, तिचा जबाब तपासून तरी बघू. (हो, पुन्हा तपासणीच. सवय जात नाही.) शेडमध्ये गेलो, तिच्या जागी म्हणजे चालकाच्या सीटवर बसलो. सीट अजून तिच्या मापाची होती. मी एरवी सीट रोज मागे घेऊन चालवत असे, ही गेल्यापासून गाडी चालवून झाली की पुन्हा पुढे सरकवून ठेवतो, का ते विचारू नका. गुडघे स्टिअरिंगला टेकले. तसाच बसलो. एसी लावला, काचा वर घेतल्या. बाहेरचा एक आवाज आत येत नव्हता. वर घर, घरात फोन, फोनवर कुणी नाही. थोड्या वेळाने पट्ट्या खाली आल्या आणि इंजिन आपोआप सुरू झालं. मग पट्ट्या वर गेल्या आणि आपोआप थांबलं. तिने सांगितलं होतं अगदी तसंच, शब्दाशब्दाने. तिथे मला खरंच कुणी काही विचारत नव्हतं. तिला त्यात केवढं बरं वाटत असेल ते मला कळलं, आणि मला त्यात अजिबात बरं वाटलं नाही. मला रडू आलं हे तुम्ही कुणाला सांगू नका. दंतवैद्यासमोर माणसाचं काहीच लपत नाही, म्हणून लिहिलं.

असो. गाडी ठीक आहे, मी ठीक आहे. ताईंना नमस्कार, तुम्हाला पुन्हा वाकून नमस्कार. उत्तराची घाई नाही.

तुमचाच,
धाकटा साडू

ता.क. गॅरेजवाल्याकडून तुमच्या कानावर काही आलं तर मनाला लावून घेऊ नका. त्याने ती लाख बघून 'हे कुणाचं काम?' असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून 'आधीच्या मालकाचं' असं निसटलं. त्याने ते लगेच मानलं. म्हणाला, बरोबर आहे, दातांचे डॉक्टर, भोक दिसलं की भरायची सवय असणार. आता तो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय. शिक्क्यावर माझ्या खात्याचं नाव वाचायचं त्याला सुचलं नाही, हे माझं नशीब.

ता.क. दुसरं. वर हे पत्र फक्त गाडीबद्दल आहे असं लिहिलंय, ते खोडावं असं मनात होतं, पण खाडाखोड केलेला कागद मी कधीच मान्य केलेला नाही. म्हणून इथे लिहितो. हिला हे पत्र दाखवू नका. टेबलावर उघडं विसरून जा. तिने वाचलं तर वाचलं का म्हणून विचारू नका. मला फक्त एवढंच पाहिजे की ती घरी यावी. दुसरी किल्ली तिच्याकडेच राहू दे. दुपारी ती शेडमध्ये जाऊन बसली तर मी खिडकीत जाणार नाही, आणि घरात बसून बोलली तर कुणाचा फोन म्हणून विचारणार नाही. हे मला जमेल की नाही याबद्दल माझ्या मनात संशय आहे, तो मी प्रामाणिकपणे कळवतो. पण तिच्याशिवाय मला करमत नाही, याबद्दल संशय नाही.

ता.क. तिसरं. पोस्टावर माझा विश्वास नाही, म्हणून पत्र घेऊन स्वतःच निघालो. आत्ता तुमच्या फाटकासमोर गाडी उभी करून स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. बॅटरीवर आलो, त्यामुळे तुमच्या घरात कुणाला पत्ता नाही. कुत्रासुद्धा उठला नाही. बेत असा होता की पत्र तुमच्या पेटीत टाकायचं आणि आलो तसा बिनआवाज परत जायचं. पण तुमची पेटी फाटकाच्या आतल्या बाजूला आहे, आणि फाटकाची कडी वाजते, म्हणून जरा विचार करत बसलो. ऊन फार आहे, एसी चालू ठेवलाय. बराच वेळ झाला असावा. पट्ट्या खाली आल्यात.

इंजिन सुरू झालं. मी काही केलेलं नाही, शपथेवर सांगतो. तुमच्या वरच्या खिडकीचा पडदा हलला. आता बंद करायचं बटण दाबलं तरी काही उपयोग नाही, हा आवाज तिला तुमच्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

ती बाहेरचा जिना उतरतेय. चप्पल ताईंची घातलीय वाटतं. फाटकापाशी आली, कडी वाजली. मी सीट पुढे घेतो आणि स्वतः शेजारी सरकतो. तिला चालवता येत नाही, तरी. हातात पिशवी आहे. पिशवीत काय आहे, ते मी विचारणार नाही.